हातात उरलेली दोरी

आमच्या घरमालकांनी आजवर एकाही माणसाला त्याच्या नावानं ओळखलेलं नाही. त्यांना ठाऊक नाही असं घर नागपूरच्या अख्ख्या प्रताप नगरात सापडायचं नाही, पण त्या घरात राहतं कोण हे विचाराल तर गडी गप्प. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई म्हणजे 'बकुळवाल्या'. समोरचे निवृत्त इन्स्पेक्टर म्हणजे 'दोन सीताफळं, त्यातलं एक आजारी'. एका बिचाऱ्यानं अंगणभर चकचकीत फरशी बसवून घेतली, तर त्याचं नाव 'फरशीवाले', आणि हे नाव घेताना काकांचा आवाज असा खाली जातो की ऐकणाऱ्याला वाटावं, त्या घरी कोणी गेलंबिलं की काय. आता यात त्यांचाही फार दोष नाही म्हणा. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो, आणि हे काका जन्मभर वीज खात्यात मीटर रीडर होते. सायकलवरून घरोघर फिरायचे, मीटरचे आकडे पुस्तकात लिहायचे आणि पुढच्या फाटकाशी जायचे. मीटर पाहायला एक मिनिट लागतं. उरलेल्या वेळात माणूस अंगणातलं झाडच पाहणार, नाहीतर विहीर. माणसं काय, बिलावर असतातच, असं त्यांचं म्हणणं.

नोकरी संपली, पण रीडिंग संपलं नाही. काका आजही कुणाच्या दाराची बेल वाजवत नाहीत. फाटकाशी उभं राहून खणखणीत आवाजात "रीडिंग!" म्हणून ओरडतात. लग्नघर असो, बारसं असो, हाक तीच. एकदा तर समाचाराला गेले आणि सवयीनं फाटकातून "रीडिंग!" म्हणून गेले. आतल्या रडण्याच्या आवाजात एक म्हातारी उठली आणि डोळे पुसत पुसत त्यांना मीटरच्या खोलीत घेऊन गेली. काकांनीही तिला नाराज केलं नाही. आकडा पाहिला, मान हलवली, मग बाहेर येऊन मृताच्या मुलाजवळ बसले आणि म्हणाले, "बाबानं लावलेला फणस यंदा धरला, पाहिलं का गा?" तो मुलगा म्हणे तेव्हा पहिल्यांदा मोकळा रडला.

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून आलो तो सावनेरहून बदली होऊन. गणिताचा मास्तर, सोबत बायको आणि एक खटारा कूलर. त्याआधी दोन घरमालकांनी आमची मुलाखत घेतली होती. एकानं जात विचारली, दुसऱ्यानं अंडी खाता का विचारलं. काकांनी मला व्हरांड्यात बसवलं, पाणी दिलं आणि गंभीरपणे विचारलं, "आंग धुवाले किती बादल्या लागतात?" मी गोंधळून म्हणालो, "दोन." माझ्या बायकोकडे वळून म्हणाले, "खरं सांग वं बाई." ती म्हणाली, "दोन यांच्या, दीड माझी." काका खूश झाले. म्हणाले, "खोली तुमची. वरच्या मोरीचं पाणी केळीले जाते. तुम्ही नसले तर केळी मरते. सुटीत गावाले जाताना सांगून जात जा." म्हणजे आम्ही राहायला आलो ते केळीचे नातेवाईक म्हणून. पुढे खरंच, दिवाळीत चार दिवस सावनेरला गेलो तर परतल्यावर काकूंनी आम्हाला काही म्हणायच्या आधी केळीकडे बोट दाखवलं होतं.

काका लिहितात. हे सांगायला हवं, कारण त्यांच्याकडे पाहून कुणाला ते वाटायचं नाही. महाल भागातून निघणाऱ्या एका छोट्या साप्ताहिकात त्यांचं 'चालू रीडिंग' नावाचं सदर गेली कितीतरी वर्षं येतं. झाडं, पाखरं, नाले, विहिरी, उन्हाळा हे त्यांचे विषय. त्याच लेखांचं एक बारीकसं पुस्तकही निघालंय. भाषा अशी कोरडी की संपादक डोक्याला हात लावतो. "काका, जरा 'हिरवागार' वगैरे टाका की," तो म्हणाला, तर हे म्हणाले, "हिरवं झाड हिरवंच राहाते. थे काय बातमी हाये?" आणि लिहायचं कशावर, तर कोऱ्या कागदावर कधीच नाही. कागद म्हणजे झाड, आणि झाडाची एकच बाजू वापरायची म्हणजे अर्धी पोळी टाकून देणं, हा त्यांचा हिशेब. मग कॅलेंडरची पानं, औषधाच्या खोक्यांचे पुठ्ठे, लग्नपत्रिका, जे हाती येईल त्याच्या पाठीवर लिहिणार. एकदा त्यांनी एका मंगल कार्यालयासमोरच्या कडुनिंबासाठी अर्ज केला. झाडाच्या बुंध्याला चहूबाजूंनी सिमेंट लावून त्याचा गळा आवळला होता. अर्ज लिहिला तो पुतणीच्या लग्नपत्रिकेच्या मागे, आणि योगायोग असा की लग्न त्याच कार्यालयात होतं. झाडांचं काम पाहणाऱ्या साहेबांनी पत्रिकेची पुढची बाजू वाचली आणि लग्नाला सहकुटुंब हजर झाले. हातात आहेराचा कुकर! काकूंना घाम फुटला. काका मात्र साहेबांना पंगतीतून हाताला धरून उठवून बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, "आता मागची बाजू पाहा." साहेब भला माणूस. जिलबी खाऊन झाली तसं दोन माणसं बोलावून त्यांनी तिथल्या तिथे सिमेंट फोडायला लावलं. नवरी सासरी निघाली तेव्हा कडुनिंब मोकळा झाला होता, आणि काका नेमके कुणासाठी रडून राहिले होते याबद्दल आमच्याकडे अजून एकमत नाही.

ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याजवळ आधी एक दिवस बसायचं, हा त्यांचा दुसरा नेम. एका घराच्या बेलच्या वायरीवर शिंजीर पाखरानं घरटं केलं होतं. हे त्या घरासमोर दिवसभर स्टूल टाकून बसले. घरातल्या सूनबाईला वाटलं, वसुलीवाला आहे. तिनं खिडक्या लावून घेतल्या. संध्याकाळी यांनीच तिला बोलावून घरटं दाखवलं आणि पिल्लं उडेपर्यंत बेल वाजवायची नाही असं वचन घेतलं. पुढे तीन आठवडे दूधवाला, पेपरवाला, कुरिअरवाला, पाहुणे, सगळे त्या फाटकातून "रीडिंग!" म्हणून ओरडत होते.

आणि उन्हाळा! नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल बाहेरच्यांना काय सांगावं? मे महिन्यात आमच्याकडे कावळासुद्धा सावली पाहून बसतो. त्या उन्हात हे डोक्याला पांढरा दुपट्टा, खिशात कांदा आणि सायकल, असे निघणार. एसीचा त्यांना भारी राग. म्हणतात, "आपली गरमी शेजाऱ्याच्या आंगणात नेऊन टाकाची, याले काय थंडावा म्हणते का गा?" त्यांच्याकडे कूलर आहे, वाळ्याच्या ताट्यांचा, तोही दुपारी दोन तास. काकू मात्र एकदा माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या, "तुले सांगतो वं, याचा सगळ्या झाडायवर जीव हाये. मी झाड असतो तर बरं झालं असतं." इकडे बाया स्वतःबद्दल बोलताना 'सांगतो', 'असतो' असंच म्हणतात. बोलताना हसत होत्या, पण तांदूळ निवडणारा हात थांबला होता. काकांनी ते आतून ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी दुपारी कूलर चार तास चालला आणि काका स्वतः बाहेर व्हरांड्यात बसले.

पण या सगळ्यावर कडी होती ती दोरीची. काकांचं घराणं उमरेडचं, विणकरांचं. आईनं वळून दिलेली एक जाड सुती दोरी त्यांच्याकडे होती, चाळीस हात लांब, दर हाताला एक गाठ आणि टोकाला पितळी लोटा. दर रविवारी सकाळी दुपट्टा बांधून ते ही दोरी खांद्यावर टाकायचे आणि वस्तीतल्या विहिरींचं रीडिंग घ्यायला निघायचे. फाटकात "रीडिंग!" म्हणायचं, थेट मागच्या अंगणात जायचं, लोटा सोडायचा आणि कान द्यायचा. डोळ्यांनी विहिरीत खोल दिसत नाही आता, त्यामुळे सगळी भिस्त कानांवर. 'डुबुक' झालं की दोरी धरायची. दगड टाकून पाहायचा नाही. विहिरीत दगड टाकणाऱ्या पोट्ट्यांना त्यांनी अख्ख्या वस्तीत एकदाच, पण असं झापलं होतं की ती पोट्टी आता स्वतः बाप झालीत आणि आपल्या पोरांना तेच सांगतात. आणि मोजायची तऱ्हा? जगातला कुणीही शहाणा माणूस आत गेलेली दोरी मोजेल. हे हातात उरलेल्या गाठी मोजत आणि चाळीसातून वजा करत. मी गणिताचा मास्तर, मला राहवेना. म्हटलं, "काका, हे उलटं का?" तर म्हणाले, "मास्तर, गेलेलं मोजाले सारी दुनिया बसून हाये. उरलं किती, हे मोजणारा एक तरी पाहिजे ना गा." तेव्हा मला ते नुसतं विक्षिप्तपणाचं वाटलं. मी हसलो होतो, खोटं कशाला सांगू?

या सगळ्या विहिरींत त्यांचा जीव होता तो मैदानाच्या कडेच्या सार्वजनिक विहिरीवर. नवीन नोकरी लागलेली, मे महिना, सायकल पंक्चर, आणि हे भोवळ येऊन तिथे बसले होते. पाणी भरायला आलेल्या एका बाईनं काही न विचारता यांच्या डोक्यावर अर्धी कळशी ओतली आणि उरलेली प्यायला दिली. तिचं नाव ह्यांना माहीत नाही, हे सांगायलाच नको. पण ती विहीर मात्र यांनी कायमची नात्यात घेतली.

आता माझा गुन्हा सांगतो. आम्ही राहायला आलो त्याच वर्षीचा मे. आमचा खटारा कूलर खिडकीत असा थडथडायचा की खालच्या काकूंच्या कपबशा नाचायच्या. बायको म्हणाली, कशानं तरी बांधा हो. मी जिन्यात आलो. खुंटीवर दोरीचं मोठं वेटोळं. लोटा वेटोळ्यात दडलेला, ही विहिरींचीच दोरी असेल असं मनातही आलं नाही. नवीन माणूस मी. विळीनं वरच्या टोकाचा तुकडा कापला, उरलेल्या दोरीच्या टोकाला होती तशी गाठ मारून वेटोळं परत अडकवलं, आणि कूलर खिडकीच्या गजांना आवळून बांधला. थडथड थांबली. बायको म्हणाली, "बघा, मनावर घेतलं की जमतं तुम्हाला."

त्या रविवारी काका विहिरी मोजून परत आले ते घामानं नाही, भीतीनं भिजून. काकूंनी पाणी दिलं ते हातातच राहिलं. "सगळ्या विहिरी," म्हणाले, "एका हप्त्यात सात हात खाली गेल्या. सगळ्या! आन मैदानातली गेली. पूर्ण दोरी सोडली, शेवटची गाठ हातात आली, आवाजच नाही." मी जिन्यात उभा होतो. दहावीतलं मठ्ठ पोरगंही सांगेल, वेगवेगळ्या विहिरी एकाच आठवड्यात सारख्याच सात हात उतरत नसतात. वजाबाकी चुकत नसेल तर चाळीसच चुकलेत. मला एका क्षणात सगळं कळलं. आणि मी गप्प बसलो. का बसलो? नवीन जागा, केळीच्या कृपेनं मिळालेली, बायकोला दिवस गेलेले. उद्या सांगू म्हटलं. सोमवारी काकांनी लेख लिहून टाकला होता. त्या विहिरीला श्रद्धांजली! कळशीवाल्या बाईची हकीकत होती त्यात, आणि शेवटी ओळ होती, 'बाकी शून्य.' दहाव्या दिवशी काकांनी काठावर भाताचा पिंडही ठेवला. कावळा लगेच शिवला, तर म्हणाले, "तिची काही इच्छा नव्हती राहिली. भली होती." मी तिथे हात जोडून उभा होतो. आता या सगळ्यावर 'माफ करा, कूलर बांधला होता' म्हणून कसं सांगायचं, तुम्हीच सांगा!

सहा वर्षं गेली. वस्तीत त्या लेखानं खळबळ मात्र उडवली. लोकांनी गच्चीचं पाणी जमिनीत सोडायला शोषखड्डे केले, पाइप लावून गाड्या धुणं बंद झालं, 'फरशीवाल्यां'नीसुद्धा एक कोपरा उकरून पारिजातक लावला. हे सगळं चांगलंच झालं. पण काका बदलले. सदर चालूच होतं, पण आता त्यात काय गेलं याचीच यादी असायची. मैदानाकडची वाट त्यांनी सोडली. लांबचा वळसा घ्यायचे. "मयताच्या घरी रोज रोज जाऊन काय कराचं?" म्हणायचे. मेलेल्या विहिरीत लोक मग निर्माल्य टाकू लागले, नारळ टाकू लागले. आत पिंपळ वाढला. पावसाळ्यात पाणी दिसलं तर म्हणत, पावसाचं साचलंय. काकांनीच सांगितलंय ना मेली म्हणून? काकांचं रीडिंग चुकत नसतं.

आणि यंदाच्या मे महिन्यात ठरलं की ती विहीर मुरूम टाकून बुजवायची आणि वर बसायला शेड बांधायची. पोरंबाळं पडतील, निरुपयोगी आहे, असा वस्तीचाच अर्ज. त्याला जोडलेला पुरावा म्हणजे काकांच्याच लेखाचं कात्रण! इंजिनिअर साहेब, तरुण मुलगा, मुद्दाम घरी येऊन नम्रपणे म्हणाला, "काका, तुमची हरकत असेल तर सांगा. तुमचा शब्द आम्ही मानतो."  मला वाटलं, आता काका उसळतील. पण ते नुसते चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "मीच लिहिलं हाये ना बाबू. मेलेल्याले माती द्याले मी नाही कसा म्हणू? एवढंच करा, माती टाकाच्या आधी मले शेवटचं रीडिंग घेऊ द्या. कनेक्शन कापताना शेवटचं रीडिंग घ्या लागते. नियम हाये थो."

सोमवारी सकाळी काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी जिन्यात उभा. दोरी खुंटीवरून काढून त्यांनी खांद्यावर टाकली, आणि मला एकदम ते सगळं असह्य झालं. माणसानं किती दिवस पाठीवर धोंडा वाहायचा?

"काका, थांबा. ती दोरी चाळीस हात नाही."

"काहून गा?"

"मी कापलेली आहे. सहा वर्षांपूर्वी. कूलर बांधायला."

 काकू दारात आल्या. "अगं माय वं," एवढंच म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला. मी मान खाली घालून उभा. शिव्या द्याव्यात, खोली सोडायला सांगावं, माझी सगळ्याची तयारी होती.

"किती कापली?" काकांनी विचारलं.

"मोजली नाही."

"मोजली नाही?" आता मात्र त्यांचा आवाज चढला. "गणिताचा मास्तर हायेस ना बे तू? दोरी कापली तर कापली, पन मोजली काहून नाही?"

"काका, पण सात हातच असणार. सगळ्या विहिरी सारख्या सात हात—"

"म्हणजे तुले तवाच समजलं होतं."

"हो."

माझे डोळे भरून आले होते.  काका जिना चढून वर आले, सरळ आमच्या खिडकीशी गेले. कूलर होता तिथेच होता, आणि त्याला आवळलेली ती दोरी, धुळीनं काळी, रंगाच्या दोन हातांखाली. घर रंगवताना रंगाऱ्यानं तीही रंगवून टाकली होती. माझ्या बायकोनं विळी आणून दिली. काका म्हणाले, "नाही. आता कापाची नाही," आणि नखांनी उकलत बसले. खाली मैदानाकडून ट्रकचा हॉर्न ऐकू येत होता.  मी हात लावायला गेलो तर माझ्या हातावर चापट मारली. शेवटी सुटली. कोपरापासून बोटापर्यंत हात धरून त्यांनी ती मोजली. सातच भरली. मग दोन्ही टोकं जवळ घेतली आणि बोटांची अशी काहीतरी झटपट हालचाल केली की मला दिसलीही नाही. विणकराघरी तुटलेला धागा जोडतात ती गाठ म्हणे. ओढून पाहिली. म्हणाले, "चाल."

मैदानात मुरमाचा ट्रक उभा, चारदोन माणसं, इंजिनिअर, आणि तमाशा पाहायला जमलेली वस्ती. बकुळवाल्या, सीताफळवाले, फरशीवाले, सगळे. काकांनी सहा वर्षांनी त्या काठाला हात लावला. लोटा सोडला. गाठी सरकत गेल्या. 'थप्प' असा आवाज आला. निर्माल्याच्या ढिगावर बसला होता लोटा. मुकादम म्हणाला, "बाबा, कायले त्रास घेता? एक दगड टाकून पाहातो ना मी." काका गर्रकन वळले. "खबरदार! विहिरीत दगड नाही टाकाचा." मग लोटा वर ओढला, पिंपळाच्या पलीकडच्या बाजूला गेले, परत सोडला. तीस गाठी गेल्या, बत्तीस गेल्या. जोडाची गाठ हातातून निसटली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. चौतीस. पस्तीस. 

डुबुक.

"आवाज आला ना बाप्पा!" मुकादमच ओरडला पहिल्यांदा. काकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, आणि मुठीत उरलेल्या गाठी मोजल्या. एक, दोन, तीन, चार. परत मोजल्या. मग माझ्याकडे पाहून, रडत होते की हसत होते देव जाणे, म्हणाले, "मास्तर, चार बाकी हाये गा. भर मे महिन्यात चार बाकी हाये!" लोटा वर आला तेव्हा त्यात जेमतेम ओंजळभर पाणी होतं, त्यात झेंडूची एक पाकळी. काकांनी ते डोक्यावर ओतून घेतलं. इस्त्रीचा शर्ट भिजला. इंजिनिअरनं कात्रण घडी करून खिशात घातलं आणि ट्रकवाल्याला मागे फिरायची खूण केली.

पुढचा आठवडा काकांनी जुन्या वह्या काढून नुसत्या दुरुस्त्या केल्या. सहा वर्षांतल्या प्रत्येक रविवारच्या प्रत्येक विहिरीचं पाणी सात हात वर आणून ठेवलं. मी शेजारी बसून आकडे वाचत होतो, तेवढीच शिक्षा मला झाली. मधेच ते थांबले आणि म्हणाले, "हे पाहा. सात हात तर वापस आलेच, पन सहा वर्षांआधीच्या मे महिन्यापेक्षा दोन हात वरती अजून हायेत. थे तुझ्या चुकीनं नाही आले. थे शोषखड्ड्यायचे हायेत." मी म्हटलं, "म्हणजे माझ्या चुकीचा काही फायदा झाला म्हणायचा." तर लगेच डोळे वटारले. "भेव दाखवलं का माणूस एक खड्डा खणते मास्तर. पाणी आलेलं पाहिलं की दहा खणते." साप्ताहिकात 'चूक-दुरुस्ती' आली, कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेली. 'सहा वर्षांपूर्वी मी या जागी एका जिवंत विहिरीला श्रद्धांजली वाहिली. दोरी मोजली नव्हती. रीडिंग घेणाऱ्यानं आधी आपली दोरी मोजावी. बाकी चार.' माझं नाव कुठेही नव्हतं. मी म्हटलं, "काका, माझं नाव घाला. मला बरं वाटेल." ते म्हणाले, "मले नावं लिहिता येत नाही गा, तुले माहीत हाये."

मग वस्तीनं विहीर उपसली. किती नारळ निघाले काही विचारू नका. गाळ काढायला फरशीवाले सर्वांत पुढे होते. पिंपळ मुळासकट काढून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लावला, विहिरीवर लोखंडी जाळी आली, दोरी सोडायला मधे एक लहानसं दार ठेवलं. पाऊस झाला, पाणी चढलं. आता संध्याकाळी बाया काठावर बसतात आणि जाळीतून आत डोकावून पाहतात. त्यात पाहण्यासारखं काय आहे कोण जाणे, पण पाहतात खऱ्या.

काकांचे गुडघे मात्र या पावसाळ्यात बसले. सायकल भिंतीला टेकली ती टेकलीच. परवा काकू बायकोला म्हणाल्या, "आता दिवसभर घरात असते वं, मले चांगलं वाटते," आणि मग आत जाऊन डोळे पुसून आल्या. आम्ही आता तिघं वर आहोत, केळी आहे, कूलर आता तारेनं बांधलाय. रविवारी सकाळी दुपट्टा मी बांधतो. खाली व्हरांड्याच्या फाटकाशी जाऊन, राहतो त्याच घरात, "रीडिंग!" म्हणून ओरडतो. काका खुर्चीत वाट पाहत असतात. दोरी हातात देण्याआधी ते ती मांडीवर घेतात आणि पहिल्या गाठीपासून मोजायला लागतात. दर रविवारी. अंगठ्याखालून एकेक गाठ सरकत जाते, आवाज पूर्वीसारखा खणखणीत राहिलेला नाही. एकतीस, बत्तीस, तेहतीस. तिथे ती जोडाची गाठ येते आणि अंगठा थांबतो. काका चष्म्यावरून माझ्याकडे पाहतात. पुढचा आकडा ते कधीच म्हणत नाहीत.

"चौतीस," मी म्हणतो. मग ते हसतात, आणि राहिलेल्या गाठी आम्ही दोघं मिळून मोजतो.